रोझेनफेल्डची साखळी

कॅन्ससच्या सपाट मुलखात नोव्हेंबरचं ऊन पिवळट आणि पातळ असतं. हिवाळी गहू तेव्हा बोटभर उगवलेला असतो. त्या हिरव्या पट्ट्यांच्या कडेला, दगडी चर्चच्या मागे, रोझेनफेल्ड कॉलेजचं मैदान आहे. दर शनिवारी दुपारी त्या मैदानाच्या एका बाजूला एल्बर्ट वेडेल उभा असायचा. अंगात पांढरा अंगरखा, पायाशी लोखंडी साखळी, तोंड बंद. तेहेतीस वर्षं तो असाच उभा राहिला. रोझेनफेल्डच्या फुटबॉलचा इतिहास लिहायचा तर खेळाडूंची यादी मोठी होईल, प्रशिक्षकांची त्याहून थोडी छोटी. पण तो इतिहास ज्या एका दुपारी फिरला, ती दुपार या खेळ न खेळलेल्या माणसाची आहे.

आमचा फुटबॉल अमेरिकन, चेंडू हातात धरून पळायचा, आणि खेळ सगळा दहा यार्डांचा. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला तर नवे चार प्रयत्न, नाही नेला तर चेंडू समोरच्याचा. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेली साखळी. ती धरायला तीन माणसं, आणि रिवाज असा की ती माणसं यजमान गावचीच. पाहुण्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा. ठेवायचा म्हणजे काय, ठेवावाच लागतो. तरी बहुतेक पाहुणे आपला एक माणूस साखळीमागे उभा करत, डोळ्यांत तेल घालून.

रोझेनफेल्ड हे मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं गाव. आमचे पणजे रशियातून गव्हाच्या बियांच्या पेट्या घेऊन आले ते लढाईत जायला नको म्हणून. बंदूक धरायची नाही, शपथ घ्यायची नाही, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, अशी इथली शिस्त. अशा गावात एकमेकांना धडका देऊन पाडायचा खेळ रुजला कसा, हे बाहेरच्यांना कोडंच वाटतं. एकोणीसशे एकवीस साली कॉलेजच्या पोरांनी गाईंच्या कुरणात पहिला सामना खेळला आणि दोन वर्षांत चर्चच्या वडीलधाऱ्यांनी बंदी घातली. कारण लिहिलं, 'हे लढाईचंच नाटक आहे.' सात वर्षांनी बंदी उठली. मग महायुद्ध आलं. पोरं सैन्यात गेली नाहीत, सरकारी छावण्यांत झाडं लावायला आणि वणवे विझवायला गेली. संघ पुन्हा बंद. एल्बर्टही डोंगरातल्या एका छावणीत चार वर्षं होता. सुट्टीवर येताना आगगाडीत लोक त्याच्याशेजारी बसायचे नाहीत.

एल्बर्ट खेळला असता. खांदे रुंद होते, पाय हलके होते. पण त्याचे वडील पीटर वेडेल चर्चचे कारभारी होते, आणि त्यांच्या घरात चेंडू हा शब्दही काढायची सोय नव्हती. पोर कुरणाच्या कुंपणावर हनुवटी टेकवून दुसऱ्यांचा खेळ बघायचं. मोठेपणी त्याला गावच्या धान्यकोठारात काम मिळालं. गव्हाने भरलेले ट्रक काट्यावर घ्यायचे, वजन सांगायचं. शेतकरी भांडखोर, पण एल्बर्टने सांगितलेल्या आकड्यावर कधी कुणी भांडलं नाही.

सेहेचाळीस साली संघ पुन्हा उभा राहिला, एकोणीस पोरांचा. साखळी धरायला माणूस हवा होता. कॉलेजने एल्बर्टला विचारलं आणि एल्बर्टने वडिलांना. वडिलांनी ते थेट चर्चच्या सभेत नेलं. दोन तास चर्चा झाली. कुणी म्हणालं, पापाच्या कडेला उभं राहणं हेही पापच. कुणी म्हणालं, मग कुंपणावर बसणारे आपण सगळेच गेलो. शेवटी म्हातारे पाद्री हाइनरिख फोथ उठले. त्यांना उभं राहायलाच दोन मिनिटं लागायची.

"बंधू वेडेल," ते पीटरना म्हणाले, "खेळणं वेगळं आणि मोजणं वेगळं. खरं मोजायला आपल्यात कधी मनाई नव्हती. एल्बर्ट, तू साखळी धर. पण कुणाच्या बाजूने ओरडायचं नाही. जमेल?"

"जमेल," एल्बर्ट म्हणाला.

जमवायला मात्र जड गेलं. साखळीवाल्यांची जागा पाहुण्या संघाच्या बाजूला असते. म्हणजे एल्बर्टचं सगळं आयुष्य समोरच्यांच्या खेळाडूंपुढे उभं राहण्यात गेलं, त्यांच्या घामाच्या वासात आणि त्यांच्या टोमण्यांत. त्रेपन्न साली आम्ही एकही सामना जिंकलो नाही. पलीकडच्या फोर्ट डाल्टन कॉलेजचे लोक म्हणायचे, रोझेनफेल्डची पोरं आधी पाडतात आणि मग माफी मागतात. ते खोटंही नव्हतं. आमची पोरं समोरच्याला आडवं करून उठताना हात पुढे करायचीच, घरची सवय. एल्बर्ट ऐकायचा आणि समोर बघायचा. बाकड्यांवर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेली त्याची बायको वेल्डा मात्र हिशेब चुकता करायची. पाहुण्यांकडून काही वाकडं आलं की ती टरफल थुंकून म्हणायची, माफी फुकट मिळतेय तर घ्या, पुढच्या वर्षी तीही मिळायची नाही.

मोजण्याचं त्याचं तंत्र साधं होतं, पण घोटलेलं. साखळी मैदानाच्या कडेला असते आणि चेंडू मध्यभागी. ती उचलून आत न्यायची आणि तंतोतंत त्याच जागी लावायची, तर खूण हवी. म्हणून साखळीला एक चिमटा असतो. मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याची आडवी रेषा. मागची काठी रोवली की सगळ्यांत जवळच्या रेषेवर साखळीची जी कडी येईल, तिला चिमटा लावायचा. मग मोजताना चिमटा त्याच रेषेवर टेकवला की साखळी आपोआप जागेवर येते. आता रेषा चार इंच रुंद. चिमटा रेषेच्या मागच्या कडेला लावायचा, नेहमी मागच्याच. खेळाची दिशा बघायची, पाठीकडची ती मागची कड. नियमाने मोजताना चिमटा पंचाने धरायचा असतो. पण रोझेनफेल्डला येणारे पंच तो एल्बर्टच्याच हातात ठेवायचे आणि म्हणायचे, वेडेल टेकवेल तिथं.

मग आलं चौऱ्याहत्तर साल. मिलफर्ड स्टुकी हे आमचे प्रशिक्षक, पाद्र्याचा मुलगा, हळू बोलणारा माणूस. त्यांच्याकडे त्या वर्षी एकेचाळीस पोरं होती आणि त्यांत डॅरेल क्रेबिल नावाचा एक कर्णधार. टर्कीपालन करणाऱ्याचा मुलगा, मान जवळपास नव्हतीच, खांद्यांवरच डोकं ठेवलेलं. तो हंगाम असा गेला की लोक रविवारी चर्चमध्ये प्रवचन संपायची वाट बघायचे, शनिवारबद्दल बोलायला. आठ सामने, आठ विजय. शेवटचा फोर्ट डाल्टनशी, तोही आमच्या मैदानावर. त्यांचेही आठच्या आठ. जो जिंकेल त्याचं अजिंक्यपद. कुरणातल्या पहिल्या सामन्यापासून त्रेपन्न वर्षांत ते आमच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं.

त्या दिवशी मैदानावर गावापेक्षा जास्त माणसं होती. बायकांनी टोपल्या भरून झ्वीबाक आणले होते, मोठ्या पावावर छोटा पाव बसवलेले आमचे जोडपाव, आणि हॅमचे काप. वारा उत्तरेचा होता. एल्बर्टबरोबर मागच्या काठीला हार्वी उनरू, गावचा न्हावी, ज्याचं तोंड केस कापताना चालायचं आणि कात्री ठेवल्यावरही चालायचं. पुढच्या काठीला लेस्टर गेरिंग, शाळेची बस चालवणारा. पाठीमागे फोर्ट डाल्टनचे प्रशिक्षक रेक्स टॉलिव्हर, गुरांच्या बाजारात वाढलेला माणूस, आवाज तिकडचाच. त्यांनी आपला एक सहायक साखळीमागे उभा केला होता.

सामना दात-ओठ खाऊन चालला. शेवटच्या दीड मिनिटाला आम्ही चौदा, ते दहा, आणि चेंडू गोलरेषेपलीकडे नेला की सहा गुण. चेंडू त्यांच्याकडे, आणि आमच्या गोलरेषेपासून सोळा यार्डांवरून त्यांचे नवे चार प्रयत्न सुरू झाले. एल्बर्टने पंधराच्या रेषेवर मागच्या कडेला चिमटा लावला. पहिल्या तीन प्रयत्नांत ते आठ यार्ड पुढे आले. चौथ्याला त्यांचा धिप्पाड धावपटू चेंडू पोटाशी धरून थेट मध्यात घुसला, आमच्या पाच जणांनी त्याला लोळवला आणि ढीग हटल्यावर दिसलं की चेंडू सहा यार्डांच्या आसपास कुठेतरी आहे. पंचांनी साखळी मागवली.

तिघे धावत आत गेले. एल्बर्ट गुडघ्यावर बसला, चिमटा रेषेवर टेकवला. लेस्टरने साखळी ताणली. काठीपासून चेंडूचं टोक मागे राहिलं. मुख्य पंच हॅलोरन, शाळेत गणित शिकवणारा माणूस, त्यांनी दोन हातांत अंतर दाखवलं, तीन इंच. तीन इंच कमी. चेंडू रोझेनफेल्डचा.

आता फक्त वेळ काढायचा होता. बाकडी उसळली. बँडने वाद्यं उचलली. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांच्या टोप्या काढून वाऱ्यावर दिल्या. आणि एल्बर्ट अजून गुडघ्यावरच होता. त्याने खाली पाहिलं. चिमटा रेषेच्या पुढच्या कडेला होता.

अठ्ठावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कड चुकली की साखळी चार इंच पुढे सरकते. चार इंचांतून तीन वजा केले की एक इंच उरतो, आणि तो फोर्ट डाल्टनचा होता. हाताने घाई केली होती, की मनात होतं ते हाताने केलं होतं? हा प्रश्न त्याने पुढे कित्येक वर्षं स्वतःला विचारला. पण त्या क्षणी त्याला वेळ नव्हता, कारण पंच चेंडू उचलायला वाकले होते.

"सर, थांबा," तो म्हणाला. "चिमटा चुकीच्या कडेवर आहे."

हॅलोरन सरळ झाले. "कोणी ठेवला?"

"मी."

हार्वी काठी धरून शेजारीच होता. तो ओठ न हलवता पुटपुटला, "एल्बर्ट, चार इंच रे. देवसुद्धा एवढं बारीक मोजत नसेल."

"मोजायचं काम देवाचं नाही. आपलं आहे."

हॅलोरननी आवाज उतरवला. "वेडेल, तुम्ही कुणाच्या मैदानावर उभे आहात, कळतंय ना?"

"कळतंय."

"शपथेवर सांगाल?"

"आमच्यात शपथ घेत नाहीत, सर. चिमटा मागच्या कडेला लावला होता आणि मी पुढच्या कडेला टेकवला. एवढं खरं आहे."

हॅलोरन चेंडूपासून एक पाऊल मागे सरकले. मग म्हणाले, टेकवा परत. एल्बर्टने चिमटा मागच्या कडेला टेकवला. लेस्टरने साखळी ताणली, रागाने जरा जास्तच. चेंडूचं टोक काठीच्या पुढे निघालं, अंगठ्याच्या रुंदीएवढं. हॅलोरननी हात गोलरेषेकडे केला. फोर्ट डाल्टनला नवे चार प्रयत्न, आमच्या गोलपासून सहा यार्डांवर.

 बाकड्यांवरून आवाज उठला, आणि तो आवाज एल्बर्टने डोंगरात चार वर्षं काढून आल्यावर रेल्वे स्टेशनवर ऐकला होता तसला, हुर्योचा होता. वरच्या बाकड्यावरून कुणीतरी म्हणालं, वेडेल, आजपासून पलीकडेच राहायला जा. ज्याच्या गव्हाचा पहिला ट्रक दर वर्षी एल्बर्टच्या काट्यावर यायचा तोच हे म्हणत होता. स्टुकींनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात पाहिलं आणि परत घातली. 

गोलरेषा दहा यार्डांच्या आत आली की साखळीचं काम संपतं. मोजायला काही उरत नाही. आत गेला की गेला. एल्बर्टने साखळी कडेला गवतावर ठेवली आणि रिकाम्या हाताने उभा राहिला. ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. त्याला आता एकच दिसत होतं, की त्रेपन्न वर्षांनी गावाच्या दारात आलेली गोष्ट परत गेली तर ती त्याच्या हाताने परत गेलेली असेल, आणि खरं बोललो हे उत्तर या गावात त्याला रोज, काट्यावर, चर्चमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत द्यावं लागेल.

मैदानावर आमची अकरा पोरं गोल करून उभी होती. डॅरेल क्रेबिल काय बोलला ते त्यातल्या प्रत्येकाने पुढे आपापल्या पोरांना सांगितलं, आणि सगळ्यांचं सांगणं जुळतं.

"मिस्टर वेडेलनी त्यांचा इंच त्यांना देऊन टाकलाय," तो म्हणाला. "आता आपल्याकडे राहिलेत ते सगळे आपले आहेत. त्यातला एकही द्यायचा नाही."

पहिल्या प्रयत्नाला तोच धावपटू परत मध्यात आला. दोन यार्ड मिळाले. दुसऱ्याला त्यांनी बाजूने फेरा मारला, आणि आमच्या एका सडपातळ पोराने, जो एरवी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, धावणाऱ्याचा घोटा एका हाताने धरला आणि सोडला नाही. एक यार्ड मिळाला. तिसऱ्याला त्यांनी चेंडू गोलात उंच फेकला. घेणाऱ्याच्या बोटांना लागला आणि सुटला. उरले तीन यार्ड, एक प्रयत्न, एकवीस सेकंद.

टॉलिव्हर एल्बर्टच्या अगदी मागे उभे होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. समोरच्या बाकड्यांवर कुणी बिया फोडत नव्हतं.

चेंडू धावपटूच्या हाती आला. धिप्पाड गडी खांदा खाली घालून निघाला, समोरचे दोघे ढकलत एक यार्ड, दीड यार्ड, दोन. आणि डॅरेल क्रेबिल त्याला छातीवर भेटला. पलीकडच्या बाकड्यांपर्यंत तो आवाज ऐकू गेला, धान्याचं पोतं उंचावरून फरशीवर पडावं तसा. दोघे क्षणभर उभेच राहिले. मग आमचा दुसरा आला, तिसरा आला, ऑर्गनवाला आला. तो सगळा डोंगर हळूहळू मागे झुकला, गोलरेषेपासून मागे, आणि कोसळला. पंच धावत आले, एकेकाला उठवत गेले. तळाशी चेंडू होता. गोलरेषेच्या अलीकडे, चांगला यार्डभर.

साखळी लागली नाही.

चेंडू आमचा झाला, उरलेले सेकंद चेंडू धरून जागच्या जागी गुडघा टेकून काढले, आणि गाव मैदानात उतरलं. ज्या वडीलधाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हा खेळ बंद केला होता त्यांतले जे जिवंत होते तेही काठ्या टेकत उतरले. ढिगाच्या तळातून डॅरेल उठला, आणि उठताना त्याने फोर्ट डाल्टनच्या धावपटूपुढे हात केला. त्याने तो घेतला. पोरांनी स्टुकींना उचललं, मग डॅरेलला उचलायचा प्रयत्न केला आणि तो सोडून दिला. चर्चच्या घंटेच्या दोरीला शाळेतली पोरं लटकली. 'पलीकडे राहायला जा' म्हणणारा माणूस एल्बर्टसमोर आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला. आमच्यात माफी पुष्कळ मागतात, पण मोठी माफी बोलून होत नाही. त्याने एल्बर्टच्या हाताशी झ्वीबाकची टोपली दिली आणि गेला.

वेल्डा बाकड्यांवरून सावकाश उतरून आली. चेहरा असा की हसू कुठे दडवलंय ते शोधावं लागावं.

"दोनदा मोजत बसण्यापेक्षा पहिल्यांदाच नीट मोजायचं ना रे," ती म्हणाली.

"घाई झाली."

"तुला? घाई? लग्नाला तू अर्धा तास उशिरा आलास."

त्याने टोपली तिच्याकडे दिली. "हाताची होती की मनाची, ते कळत नाही, वेल्डा."

तिने टोपली काखेत घेतली. "तोंड कुणाचं होतं ते कळलं सगळ्यांना," ती म्हणाली. "चल, साखळी उचल. पोरं नाचून तुडवतायत."

टॉलिव्हर जायच्या आधी आले. त्यांनी हात मिळवला नाही. तुझ्या जागी माझा माणूस असता तर बोलला नसता, एवढं ते म्हणाले आणि बसकडे वळले. हार्वीने ते वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं, थोडं थोडं वाढवून. हिवाळा संपेपर्यंत ते चांगलंच लांबलं होतं.

त्यानंतर रोझेनफेल्डने आणखी तीन अजिंक्यपदं घेतली. आता पोरं साठ-सत्तर असतात, मैदानाला नवी बाकडी आहेत, आणि पाडतात-माफी-मागतात हे गाणं आमचीच पोरं अभिमानाने म्हणतात. पण गावाला जी गोष्ट सांगायला सगळ्यांत जास्त आवडते ती शहात्तरच्या शरदातली आहे, आणि ती आमच्या मैदानावरची नाही.

त्या वर्षी आमचा संघ मागे पडला होता. अजिंक्यपदाचा सामना फोर्ट डाल्टनच्या मैदानावर होता, नदीपलीकडच्या एका कॉलेजशी, आणि त्या दोघांचं हाडवैर. मागच्या वर्षी मोजण्यावरूनच मारामारी झाली होती. सामन्याच्या आठवड्यात रेक्स टॉलिव्हर आपली गाडी घेऊन स्वतः धान्यकोठारावर आले. ट्रकांच्या रांगेत उभे राहिले, नंबर आला तेव्हा काट्याच्या खिडकीत वाकले.

"शनिवारी आमच्याकडे साखळी धरायला ये," ते म्हणाले. "तुझे दोघे घेऊन. नदीपलीकडच्यांनीही होकार दिलाय."

यजमानाने परगावची माणसं साखळीला बोलवावीत, असं आमच्या भागात तोवर कुणी ऐकलं नव्हतं. एल्बर्टने मागचा ट्रक पुढे घ्यायची खूण केली आणि म्हणाला, येतो.

शनिवारी तिघे लेस्टरच्या गाडीतून गेले. वेल्डाने मागच्या सीटवर झ्वीबाकचा डबा धरला होता आणि नदीपलीकडच्यांना काय काय ऐकवायचं याची ती वाटेतच तयारी करत होती. फोर्ट डाल्टनच्या दगडी बाकड्यांवर पाच हजार माणसं होती. तिघे पांढऱ्या अंगरख्यांत साखळी घेऊन मैदानात आले तेव्हा खालच्या रांगेतली काही माणसं उभी राहिली, मग वरची, मग ती सगळी बाजू.

नदीपलीकडच्या संघाचा एक सहायक रिवाजाप्रमाणे साखळीमागे उभा राहायला निघाला होता. त्यांच्या प्रशिक्षकाने त्याला हाक मारली आणि विचारलं, साखळीला कोण आहे.

"रोझेनफेल्डचा वेडेल."

"मग तिथं काय करतोस?" प्रशिक्षक म्हणाला. "ये इकडे, इथं काम आहे."

सहायक परत गेला. एल्बर्टने साखळी उलगडली.